फायफॉक्स : पदवीच्या स्वतंत्र प्रकल्पाला हे ॲप कितपत पुरतं?

पदवीच्या विज्ञान-विद्यार्थ्याला स्वतःचा प्रकल्प करायचा म्हटलं की पहिलं घोडं अडतं ते उपकरणांपाशी. प्रयोगशाळेतलं ऑसिलोस्कोप तासापुरतं मिळतं, खोलीवर नेता येत नाही, आणि प्रकल्पाला तर तोच प्रयोग पुन्हा पुन्हा लावून बघायची मुभा लागते. फायफॉक्स इथे कामाला येतं. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या मंडळींनी हे ॲप तयार केलं आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, मोफत आहे, सोर्स कोडही खुला आहे. फोनमधले त्वरणमापक, जायरोस्कोप (फोन किती वेगाने फिरतो ते मोजणारा सेन्सर), चुंबकमापक, दाबमापक आणि मायक्रोफोन यांच्याकडून येणारे आकडे ते दाखवतं, साठवतं आणि फाइल करून हातात देतं.

निवाडा आधीच सांगून टाकतो. वेळ मोजायच्या प्रयोगांत ॲप उत्तम, त्वरण आणि कोनीय वेगात चांगलं, चुंबकक्षेत्रात सांभाळून वापरण्याजोगं, प्रकाशात कामचलाऊ. तयार प्रयोगांची लांबलचक यादी मात्र फसवी आहे. त्यातला एखादा प्रयोग आहे तसा केला, स्क्रीनवरचा आकडा वहीत उतरवला, की अर्ध्या तासात सगळं आटोपतं आणि सत्रभर करायला काही उरत नाही. प्रकल्प उभा राहतो तो आकडा कुठून आला, कोणत्या गृहीतकावर आला, हे खणायला घेतल्यावर. ॲप तसं खणू देतं, कारण कच्चा डेटा लपवत नाही. त्याचं खरं मोल इथे आहे.

दोलक घ्या. यादीतला दोलकाचा प्रयोग जायरोस्कोपवर चालतो, त्वरणमापकावर चालत नाही. असं का? त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षण थेट कळत नाही. फोनला धरून ठेवणाऱ्या वस्तूचा ताण किंवा रेटा तेवढा कळतो. दोऱ्याला टांगलेल्या फोनवर असा एकच ताण, तोही दोऱ्याच्या दिशेने. त्यामुळे फोन ज्या दिशेने डोलतो त्या दिशेचा आलेख जवळजवळ सपाट येतो, आणि सेन्सर बिघडला असं समजून दुसऱ्या फोनची शोधाशोध सुरू होते. दोऱ्याच्या दिशेचा आलेख वरखाली होतो, पण दुप्पट वारंवारतेने, कारण एका पूर्ण डोलात ताण दोनदा सर्वाधिक होतो. ‘गुरुत्व वगळून’ त्वरण देणारा पर्याय इथे घेऊच नये. ते गुरुत्व फोनची प्रणाली अंदाजाने वजा करते आणि सतत कलणाऱ्या फोनमध्ये तो अंदाज चुकतो. आलेख मात्र देखणा येतो, हीच पंचाईत.

याच गोष्टीचा एक सुरेख प्रकल्प होतो. दोऱ्याऐवजी १ मीटरची एकसारखी जड पट्टी एका टोकाशी टांगायची, फोन तिच्यावर निरनिराळ्या उंचीला घट्ट बांधायचा आणि डोलण्याच्या दिशेचं त्वरण नोंदवत जायचं. खिळीपासूनचं अंतर वाढवत नेलं की हा संकेत लहान लहान होतो, एका जागी शून्य होतो आणि पुढे उलट्या चिन्हाने वाढतो. शून्याची जागा म्हणजे पट्टीचं दोलनकेंद्र : सगळं वस्तुमान तिथेच एकवटलं असतं तरी आवर्तकाल तोच राहिला असता असा बिंदू. टोकाशी टांगलेल्या १ मीटरच्या पट्टीत ते ६६.७ सेंमीवर यायला हवं. फोनच्या वजनाने ही जागा सरकेल अशी धास्ती प्रत्येकाला वाटते. कागदावर मांडून बघावं : दोलनकेंद्रावर ठेवलेल्या बिंदुवस्तुमानाने आवर्तकाल बदलतच नाही, म्हणून शून्याची जागाही हलत नाही. फोन बिंदू नसल्यामुळे उरते ती किरकोळ दुरुस्ती, आणि तीही हिशेबात धरता येते. चिन्ह पालटलं का, हे नुसत्या ॲम्प्लिट्यूडवरून समजत नाही. त्यासाठी ॲपच्या मुख्य पानावरच्या अधिकच्या खुणेने ‘साधा प्रयोग’ तयार करावा, त्यात त्वरणमापक आणि जायरोस्कोप दोन्ही निवडावेत आणि दोन आलेखांमधली कला (फेज) ताडून पाहावी.

साध्या दोऱ्याच्या दोलकावरून गुरुत्व त्वरण काढायचं असेल, तर ॲपवर मेहनत घेण्यापेक्षा फूटपट्टीवर घ्या. १ मीटर लांबीला आवर्तकाल साधारण २.००६ सेकंद. ५० डोलांचा वेळ शंभराव्या भागापर्यंत मोजला की वेळेची त्रुटी नगण्य होते. लांबीत मात्र ५ मिमीची गफलत झाली की उत्तरात ०.५ टक्के गेलेच, आणि फोनचा वस्तुमानमध्य बाहेरून दिसत नाही. उपाय असा : पाच-सहा लांबींना आवर्तकाल मोजा, आवर्तकालाचा वर्ग लांबीविरुद्ध मांडा. गुरुत्व त्वरण ९.८१ धरलं तर रेषेचा चढ ४.०२ सेकंद² प्रतिमीटर यावा. लांबी मोजताना प्रत्येक वेळी तेवढीच चूक होत असेल, तर ती अक्षावरच्या छेदात जमा होते आणि चढ शाबूत राहतो. फोन उभा टांगू नये. १५ सेंमीचा फोन दोऱ्याच्या दिशेत उभा असेल तर त्याच्या स्वतःच्या जडत्वामुळे १ मीटरच्या दोलकाची परिणामी लांबी सुमारे २ मिमीने वाढते. त्याची लांब बाजू डोलण्याच्या अक्षाला समांतर ठेवली तर ही वाढ अर्ध्या मिमीच्याही खाली येते. दोन दोरे इंग्रजी व्हीसारखे बांधले की फोन गिरक्या घेत नाही. कोन १० अंशांच्या आत असावा. तिथे आवर्तकाल ०.१९ टक्क्यांनी वाढतो, ३० अंशांना १.७ टक्क्यांनी.

इथवर सगळं पाठ्यपुस्तकी झालं. सत्रभर पुरेल असं काम मंदनात, म्हणजे डोल हळूहळू लहान होत जातो त्यात, आहे. जायरोस्कोपचा आलेख दहा मिनिटं चालू ठेवा, प्रत्येक शिखराची उंची काढा. उंचीचा लॉगरिदम वेळेविरुद्ध सरळ रेषेत उतरला तर रोध वेगाच्या प्रमाणात आहे. फोनमागे पुठ्ठ्याचा मोठा तुकडा लावा. आता लॉगची रेषा सुरुवातीला वाकते आणि उंचीचा व्यस्त मांडला तर तोच भाग सरळ येतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढू लागलेला असतो. दोन्हींचा मेळ कुठे बसतो, पुठ्ठ्याचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर कोणता गुणांक किती बदलतो, दोऱ्याची गाठ सैल असेल तर तिसरा प्रकार दिसतो का? हे प्रश्न विद्यार्थ्याचे स्वतःचे असतात आणि उत्तरं आयती कुठे सापडत नाहीत.

आता सेन्सर फोनमध्ये नेमका बसलाय कुठे, हा प्रश्न. ॲपमधल्या अभिकेंद्री त्वरणाच्या प्रयोगात त्वरण आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा आलेख आपोआप काढला जातो आणि त्याचा चढ म्हणजे त्रिज्या. ही त्रिज्या फोनच्या मध्यापासूनची नव्हे, सेन्सरच्या चिपपासूनची. मग उलट जायचं : मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या मधोमध फोनचा मध्य ठेवा. कोनीय वेग ४.७१ रेडियन प्रतिसेकंद, वर्ग २२.२. चिप मध्यापासून २ सेंमीवर असेल तर ०.४४ मी/से² त्वरण दिसेल. आडव्या आणि उभ्या अक्षांवरचे दोन आकडे २२.२ ने भागले की चिपचा ठावठिकाणा मिळाला, तोही मिलिमीटरच्या आसपास. दिशा मात्र उलटी घ्यावी, कारण त्वरण केंद्राकडे असतं.

गडबड होते ती कलाने. तबकडी १ अंशाने कललेली असली तरी ०.१७ मी/से² एवढा गुरुत्वाचा अंश आत घुसतो. फोन फिरत असताना हा अंश प्रत्येक फेऱ्याला एकदा वरखाली होतो, म्हणून पूर्ण फेऱ्यांची सरासरी घेतली की जातो. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोनच तबकडीवर तिरका बसला असेल तर तो कल फोनसोबत फिरतो आणि सरासरीने जात नाही. तो काढायला तबकडी थांबवून एक वाचन घ्या, अर्धा फेरा फिरवून दुसरं घ्या, दोन्हींची सरासरी शून्य धरा. दिलेल्या सूचना पाळून हे सुचत नाही. आकडा खटकला की सुचतं.

ध्वनीच्या प्रयोगांत ॲप सगळ्यात तरबेज आहे. ध्वनीवर चालणारं स्टॉपवॉच पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. मायक्रोफोन सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल तर दोन नमुन्यांत जेमतेम २१ मायक्रोसेकंद जातात. म्हणून अचूकता तेवढीच असेल असं कुणी समजू नये. घड्याळ सुरू होतं आवाज ठरावीक उंबरठा ओलांडतो तेव्हा, आणि दूरचा क्षीण आवाज तो उंबरठा उशिरा ओलांडतो. ध्वनीचा वेग मोजायच्या दोन फोनच्या पद्धतीत हे चांगलं दिसतं : फोन ५ मीटर अंतरावर, एकाने आपल्या फोनपाशी टाळी वाजवायची, मग दुसऱ्याने आपल्या. दोन फोनवरच्या वेळांतला फरक म्हणजे ध्वनीला १० मीटर जायला लागणारा काळ, सुमारे २९ मिलिसेकंद. उंबरठ्याने १ मिलिसेकंदाचा घोळ घातला की वेगात ३ टक्क्यांहून जास्त फरक. अशा वेळी तापमापक आणून उपयोग नाही, कारण १ अंश सेल्सियसने वेग फक्त ०.६ मीटर प्रतिसेकंद बदलतो. आधी टाळीऐवजी दोन लाकडी ठोकळे घ्या, त्यांचा आवाज झटकन चढतो. दोन्ही फोनचा उंबरठा सारखा ठेवा, खोलीतल्या आवाजाच्या जरा वर. अंतर वाढवा. फोनची अदलाबदल करून पुन्हा मोजा. घुमणाऱ्या खोलीत पहिल्याच ठोक्याच्या प्रतिध्वनीने घड्याळ थांबतं. त्यासाठी किमान विलंबाचा आकडा वाढवायची सोय आहे, मात्र तो मोजायच्या वेळेपेक्षा लहानच हवा.

पट्टीच्या टोकावरून चेंडू पाडून मुक्तपतन मोजायचं तर १ मीटरला ०.४५२ सेकंद. पट्टीवर टिचकी मारून चेंडू सोडायचा, टिचकीचा आवाज ही सुरुवात. फोन पट्टीपाशी असेल तर जमिनीवरचा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. फोन मधोमध ठेवला की दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो आणि ही चूक जाते.

ध्वनीच्या वर्णपटात नमुन्यांची संख्या निवडता येते, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. २,०४८ नमुने घेतले तर शेजारच्या दोन वारंवारतांत २३ हर्ट्झचं अंतर. १६,३८४ घेतले तर २.९ हर्ट्झ, पण मग प्रत्येक वर्णपटाला सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो. एका टोकाला बंद असलेल्या ३० सेंमी लांब आणि २ सेंमी त्रिज्येच्या नळीची मूळ वारंवारता नुसत्या लांबीवरून २८६ हर्ट्झ येते, तोंडापाशी त्रिज्येच्या ०.६ पट दुरुस्ती धरली की २७५. हा ११ हर्ट्झचा फरक पहिल्या मांडणीत दिसणारच नाही, दुसऱ्या मांडणीत स्पष्ट दिसेल. काही फोन बोलणं स्वच्छ करण्याच्या नादात एकसुरी आवाज दाबून टाकतात. सूर सतत वाजत असून आलेख विरत गेला तर दोष तिथे शोधावा. नळीवर टिचकी मारून काम भागवता येतं.

चुंबकमापकाबाबत सावध राहा. पृथ्वीचं क्षेत्रच जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, आणि ५ अँपियरच्या सरळ तारेपासून २ सेंमीवर ५० मायक्रोटेस्ला. म्हणजे प्रवाह बंद असतानाचं वाचन तिन्ही अक्षांवर वेगवेगळं वजा करणं भाग आहे. एकूण मूल्यातून एकूण मूल्य वजा केलं की उत्तर चुकतं, कारण ही सदिश राशी आहे. दुसरा धोका फोनच्या शहाणपणाचा : प्रणाली मागच्या मागे चुंबकमापकाची जुळणी करत राहते, त्यामुळे वाचन मधेच उडी घेऊ शकतं. जिथे ही जुळणी बंद करून कच्चं वाचन घेता येतं तिथे तेच घ्यावं. छोट्या चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्तात घटतं का, हे तपासताना चिपची जागा १ सेंमीने चुकली तर ५ सेंमीवर क्षेत्राचा अंदाज दीडपटीहून जास्त चुकतो. त्यापेक्षा क्षेत्राच्या घनमूळाचा व्यस्त अंतराविरुद्ध मांडा. सरळ रेषा येईल आणि ती अंतराच्या अक्षाला जिथे छेदेल तिथून चिपच्या जागेतली चूक आपसूक कळेल. ताकदवान निओडिमियम चुंबक फोनला चिकटवू नये. सेन्सर संपृक्त होतो, म्हणजे वाचन कमाल मर्यादेला अडकतं, आणि आतले लोखंडी भाग चुंबकित होऊन पुढची सगळी वाचनं बिघडतात.

टकरींच्या प्रयोगांतही अशीच मर्यादा आड येते. फोनमधला त्वरणमापक बहुधा ३९ किंवा ७८ मी/से² पर्यंतच मोजतो, म्हणजे गुरुत्वाच्या चौपट किंवा आठपट. शिखर वरून कापल्यासारखं सपाट दिसलं की मर्यादा गाठली. शिवाय सेकंदाला १०० नमुने घेणाऱ्या फोनला ५० हर्ट्झच्या वरचं कंपन खरं दिसत नाही : १२० हर्ट्झने थरथरणारं यंत्र आलेखात २० हर्ट्झचं भासतं आणि विद्यार्थी त्या २० हर्ट्झचं कारण शोधत बसतो. अँड्रॉइड फोनमध्ये हा दर बराच वेगवेगळा असतो. प्रयोग निवडण्याआधी आपला फोन किती नमुने देतो हे दहा सेकंदांच्या नोंदीवरून मोजून घ्यावं, आणि गटातल्या दोघांचे फोन वेगळे असतील तर दोन्हींचा दर वेगळा लिहावा.

डेटा बाहेर काढायची सोय चोख आहे. सीएसव्ही किंवा एक्सेल, दोन्ही मिळतं. सीएसव्हीच्या गठ्ठ्यात ‘मेटा’ नावाचा फोल्डर येतो. बहुतेकजण तो उघडतही नाहीत. त्यात नोंद केव्हा सुरू झाली आणि थांबली याच्या वेळा आणि फोनचा तपशील असतो, अँड्रॉइडवर सेन्सरचं नाव, पल्ला आणि सूक्ष्मताही. प्रकल्प-अहवालात ‘उपकरण’ या मथळ्याखाली नुसता फोनचा ब्रँड लिहिण्यापेक्षा ही माहिती द्यावी. नोंद थांबवून मागे गेलात आणि डेटा जतन केलेला नसेल तर तो गेला. ठरावीक उशिराने सुरू होऊन ठरावीक वेळाने थांबणारी नोंद लावता येते. बटण दाबताना बसलेला धक्का डेटात नको असेल तर तीच वापरावी.

फोन झोक्यावर आणि आलेख लॅपटॉपवर, अशी दूरून पाहायची सोय ब्राउझरमधून आहे. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर हवीत. संस्थांच्या वायफायवर जोडलेली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशी तजवीज अनेकदा असते, मग पत्ता टाकूनही पान उघडत नाही. फोनचाच हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्यावर जोडला की काम होतं, इंटरनेटची गरज नाही.

स्वतःचा प्रयोग रचायचा असेल तर ब्राउझरमधलं संपादक-पान आहे. सेन्सर, गणिती क्रिया आणि आलेख चौकोनांनी जोडत जायचे, तयार प्रयोग क्यूआर कोडने फोनवर घ्यायचा. शिकायला वेळ लागतो आणि चुकीचे संदेश फारसे बोलके नाहीत. सर्वांत हमखास चूक साठ्याच्या आकाराची : तो १,००० ठेवला तर फक्त शेवटची १,००० वाचनं उरतात, म्हणजे १०० हर्ट्झला शेवटचे १० सेकंद. शून्य लिहिलं तर मर्यादा नाही, पण मग प्रत्येक गणिती क्रिया वाढत्या साठ्यावर चालते आणि फोन अडखळू लागतो. भारी गणित फोनवर करू नये. कच्चा डेटा काढून संगणकावर करावं.

फोनमध्ये नसलेला सेन्सर ब्लूटूथवरून जोडता येतो, आणि हा भाग प्रकल्पासाठी फारच मोलाचा आहे. ईएसपी३२ सारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलर-बोर्डासाठी फायफॉक्सची तयार लायब्ररी आहे. थंड होणाऱ्या पाण्याचा अभ्यास करायचा तर डीएस१८बी२० हा जलरोधक तापमान-सेन्सर घ्या. त्याची डेटा-तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोध लावा. रोध विसरला तर सेन्सर सापडतच नाही किंवा सतत उणे १२७ अंश येतं. वीज दिल्यानंतर पहिल्याच वाचनात ८५ अंश आलं तर ते खरं तापमान नव्हे, मोजणी पूर्ण व्हायच्या आधीचा ठरलेला आकडा आहे. १२ बिटला ०.०६२५ अंशाची पायरी मिळते, पण एका वाचनाला पाऊण सेकंद लागतो. त्याहून घाईने मागू नये.

वेळेची नोंद नीट लावा. ब्लूटूथने आलेल्या आकड्याला फोन स्वतःची वेळ लावतो ती तो आकडा पोचल्याची, मोजल्याची नव्हे, आणि दोन्हींतलं अंतर एकसारखं राहत नाही. पाणी थंड होण्यात याने फरक पडत नाही. लोड सेल जोडून बल मोजताना पडतो. म्हणून बोर्डावरची मिलिसेकंदांची मोजणी वेगळा आकडा म्हणून सोबत पाठवावी. हे आकडे ४ बाइटचे दशांशी आकडे म्हणून जातात आणि त्यांत १,६७,७७,२१६ पर्यंतच पूर्णांक तंतोतंत मावतात. मिलिसेकंदांत ही मर्यादा ४ तास ३९ मिनिटांनी येते. नोंद त्याहून लांबवायची असेल तर सेकंद एका आकड्यात आणि उरलेले मिलिसेकंद दुसऱ्यात पाठवावेत.